ट्रेलरचे दोन खांब

पावसाळ्यापूर्वी जिल्ह्याच्या कचेरीत पूर-सामानाची जी यादी तयार होते, ती वाचणे हा एक स्वतंत्र छंद होऊ शकेल. होडी, तिच्या पाठीशी जोडायचे यंत्र, वल्ही, तरंगती जाकिटे, दोर, विजेऱ्या, कर्णे असे सगळे त्या यादीत क्रमाने मांडलेले असते. शेवटाकडे ‘होडी वाहून नेण्याचा ट्रेलर : १’ अशी नोंद येते आणि तेथे यादी करणाऱ्याचे समाधान होते. पाण्यात सोडलेली ती होडी त्या ट्रेलरवर पुन्हा चढायची कशी, हा प्रश्न यादीला पडत नाही. तो पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसांना पडतो. परप्रांतांत नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या हातांखालून अशा याद्या गेल्या असतील. म्हणूनच एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

ही वस्तू म्हणजे ट्रेलरच्या मागल्या अंगाला, उजव्या-डाव्या बाजूंस, चौकटीला आवळून उभे केलेले दोन खांब. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात, जेथे स्वतःची होडी मोटारीमागे जोडून तळ्यावर नेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, तेथे हे खांब दुकानांत तयार मिळतात. त्यांचे काम दुहेरी. ट्रेलर पाण्यात मागे लोटला, की त्याची चौकट, चाके, होडी ज्यांवर टेकते त्या फळ्या, सारे पाण्याखाली जाते. तेव्हा ट्रेलर नेमका कोठे आहे हे मोटार हाकणाऱ्याला आणि होडी हाकणाऱ्याला या दोन टोकांवरून कळते. शिवाय होडी आत शिरत असताना वारा किंवा पाण्याची ओढ तिला एका बाजूला रेटू लागली, तर हे खांब तिला मध्यावर राखतात. होडी धरून ठेवणे हे मात्र त्यांचे काम नव्हे. ते पुढच्या विंचचे आणि पट्ट्यांचे काम आहे.

आमच्या कोकणात होडी वाळूवर ओढून घेतात, तेव्हा तिच्या दोन्ही बगलांना माणसे खांदा देऊन चालतात आणि तिला कलू देत नाहीत. तेथे पायाखालची वाळू ओळखीची असते आणि लाट आली तरी ती परतून जाते. नर्मदाकाठच्या ज्या जिल्ह्यात आमची बदली झाली, तेथेही रीत हीच होती. ट्रेलर पाण्यात गेला, की बचाव-पथकाचे दोन जवान छातीभर पाण्यात त्याच्या दोन बाजूंना उभे राहत आणि आत येणारी होडी हातांनी मध्यावर आणीत. म्हणजे ट्रेलरला खांब होतेच. पण ते हाडामांसाचे होते.

नर्मदेचा पूर ज्यांनी पाहिला नाही, त्यांना यात विशेष धोका दिसणार नाही. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीवर जबलपूरच्या वर बर्गीचे धरण आहे. तिला मिळणाऱ्या बारना आणि तवा या नद्यांवरही धरणे आहेत. तिन्ही जलाशय भरलेले असताना पाऊस लागून राहिला, की तिन्हींचे दरवाजे उघडावे लागतात. बर्गीचे पाणी खाली पोहोचायला वेळ घेते. तव्याचा संगम मात्र बांद्राभानला, नर्मदापुरमच्या अगदी वरच्या अंगाला. ही तिन्ही पाणी एका वेळी आली म्हणजे काय होते, ते २०२० च्या ऑगस्टअखेर सर्वांनी पाहिले. तेव्हा त्या गावाचे नाव होशंगाबाद होते. नर्मदापुरम ते २०२२ साली झाले. नावे बदलली, तरी सेठानी घाटावरची धोक्याची खूण ९६७ फुटांवरच आहे.

नदी फुगली की तिच्यात पडणारे नाले तुंबतात, पाणी उलटे शेतांत शिरते आणि काल जी सडक गावाला जात होती, ती आज मध्येच पाण्यात उतरते. घाटाला पायऱ्या असतात. त्यांवरून ट्रेलर उतरत नाही. तेव्हा पुरात होडी सोडायचा उतार म्हणजे ही बुडालेली सडकच. तिच्या दोन्ही कडांना खोल चर, एखाद्या ठिकाणी मोरी, आणि सगळ्यावर चहासारखे गढूळ पाणी. वीतभर खालचे दिसत नाही. जेथे नाला सडक ओलांडतो, तेथे वरून संथ दिसणारे पाणी पायांना ओढ देत असते.

आम्ही रुजू होण्याच्या आधीच्या पावसाळ्यात एक जवान होडी सावरता सावरता सडकेची कड सुटून खाली गेला. कमरेला दोर होता म्हणून तो हाती लागला; पण होडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये खांदा सापडून त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या औषधोपचाराच्या खर्चाची फाइल आमच्यापुढे आली. तीत खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा याविषयी अकरा शेरे होते. होडी सावरायला माणूस पाण्यात उभा का करावा लागतो, याविषयी एकही नव्हता.

तो प्रश्न आम्ही पथकातील एका वयस्क नावाड्याला विचारला. नर्मदेवर होडी चालवण्यात त्याचा जन्म गेला होता; सरकारी यंत्राची होडी त्याच्या हाती अलीकडे आली, इतकेच. तो म्हणाला, “साहब, गाड़ी वाले को गाड़ी नहीं दिखती, नाव वाले को भी नहीं दिखती। दिखाने के लिए आदमी खड़ा करते हैं।” अकरा शेऱ्यांत जे आले नव्हते, ते या एका उत्तरात आले. त्याच संध्याकाळी आम्ही कागद घेऊन बसलो.

खांब निवडायचे म्हटल्यावर पहिला प्रश्न असा, की खांबच का? होडीच्या दोन्ही बगलांना समांतर अशा आडव्या फळ्या बसवण्याचीही एक पद्धत आहे. त्यांवर जाड गालिचा लावतात किंवा रबरी रूळ बसवतात. शांत तळ्यावर, आडव्या वाऱ्यात, या फळ्या खांबांहून सरस ठरतात हे कबूल केले पाहिजे. कारण त्या होडीला एका ठिकाणी स्पर्श न करता हातभर लांबीत सांभाळतात. परंतु पुराच्या पाण्यातून झाडांच्या फांद्या, कडबा, प्लॅस्टिकच्या गोण्या वाहत येतात. आडवी फळी हे सारे अडवून धरते, आणि मग पाण्याचा सगळा जोर त्या गाळणीवर येऊन ट्रेलरच सरकू लागतो. नर्मदेची रेती एकदा रुळांत शिरली की रूळ फिरत नाहीत. मुख्य म्हणजे फळी बुटकी असते; चालकाला ती आरशात दिसत नाही. गोल, उभ्या खांबावरून काडीकचरा घसरून निघून जातो. आमच्या पाण्याला खांबच योग्य, हे येथे ठरले.

मग धातूचा प्रश्न. निविदेत एका पुरवठादाराने ॲल्युमिनियमचे खांब देऊ केले होते. वजनाला हलके, दिसायला देखणे. परंतु पातळ ॲल्युमिनियमची नळी एकदा वाकली की वाकलेलीच राहते. आणि भरलेली होडी ओढीबरोबर तिच्यावर आली तर ती वाकणार, हे सांगायला अभियंत्याची गरज नव्हती. उलट, अजिबात न लवणारा लोखंडी खांब होडीच्या फायबरच्या बगलेला चीर पाडील. आम्हांला हवा होता थोडा लवणारा आणि परत सरळ होणारा खांब. शेवटी जस्ताचा मुलामा दिलेली ४० मिलिमीटरची पाण्याची नळी पसंत केली. तिचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिलिमीटर भरतो. ती खाली काटकोनात वळवून तिचा आडवा हात चौकटीला आवळायचा आणि उभ्या भागावर प्लॅस्टिकची सैल बाही चढवायची. होडी घासली की बाही स्वतःभोवती फिरते. घर्षण होडीच्या रंगाला लागत नाही.

या बाहीसाठी पुरवठादाराने पांढरी पी.व्ही.सी. नळी सुचवली होती. दोन उन्हाळे मोकळ्या उन्हात उभी राहिलेली साधी पांढरी नळी ठिसूळ होते आणि ऐन वेळी तिचे तुकडे पडतात. नावाड्याने वेगळाच उपाय काढला. या खोऱ्यात शेतोशेती तुषार सिंचनाच्या काळ्या नळ्या पसरलेल्या असतात. त्या प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, म्हणून ऊन तिला सहजी खात नाही. ६३ मिलिमीटरची ही नळी आमच्या लोखंडी नळीवर अशी बसली, की जणू तिच्यासाठीच ओतली होती. शेतीमालाच्या दुकानातून नळी आली. किंमत इतकी थोडी, की तिच्यासाठी स्वतंत्र निविदा काढावी काय, हा विचार करण्यात तिच्या किमतीहून अधिक चहा खर्च झाला.

आता मापाविषयी. बाकीचे सारे चुकले तरी निभावते. माप चुकले तर खांब नसलेले बरे. पुष्कळ लोक ट्रेलरची रुंदी मोजतात. मोजायची ती होडीची. तीही मागल्या टोकाला नव्हे, तर ती जेथे सर्वांत रुंद आहे तेथे, बगलेच्या रबरी पट्टीच्या बाहेरून. खांब जरी मागे उभे राहायचे असले, तरी होडी नाळेकडून आत शिरते. तिचा मधला रुंद भागही त्याच दोन खांबांमधून जावा लागतो. आमची होडी मध्यावर १८८ सेंटिमीटर भरली. दोन्ही अंगांना अडीच-अडीच सेंटिमीटर मोकळे सोडून बाहीपासून बाहीपर्यंतचे अंतर १९३ ठेवले. याहून कमी ठेवले असते, तर किंचित तिरपी आलेली होडी पाचरीसारखी अडकून बसली असती; कारण तिरपी वस्तू सरळ वस्तूहून अधिक जागा घेते. वीतभर मोकळे सोडले असते, तर होडी फळीवरून घसरून चौकटीच्या कडेवर टेकली असती, आणि खांब नुसते शोभेला राहिले असते.

उंचीचा हिशेब पाण्यावरून. होडी चढवताना आमच्या ट्रेलरची मागली बाजू पाण्यात पाऊण मीटर खोल जाते. त्यावर आणखी तितकेच टोक दिसले पाहिजे, नाहीतर होडीत बसलेल्याला ते होडीच्याच नाळेआड जाते. म्हणून चौकटीपासून दीड मीटर.

बसवण्याचा दिवस मे महिन्याच्या अखेरीचा. कचेरीमागच्या सिमेंटच्या अंगणात ट्रेलर उभा केला, चाकांना दगड लावले आणि पुढच्या टेकूखाली लाकडाचे ठोकळे सरकवून चौकट पाणसळीत आणली. हे आधी केले नाही, तर ओळंब्याला अर्थ राहत नाही. वाकड्या ट्रेलरवर सरळ उभा केलेला खांब सरळ ट्रेलरवर वाकडा होतो. होडी फळ्यांवर मध्यावर बसवून पट्ट्यांनी बांधली. मग विंचच्या खुंटाच्या मध्याला सुतळी बांधून तिचे टोक एकदा उजव्या खांबाच्या जागेवर आणि एकदा डाव्या खांबाच्या जागेवर नेले. दोन्ही लांब्या सारख्या भरेपर्यंत खडूच्या खुणा पुसल्या आणि पुन्हा केल्या. सुताराची ही जुनी युक्ती कागदावरील कोणत्याही नकाशाहून खरी असते.

खांब चौकटीला झाळून टाकावेत, असा वर्कशॉपमधील मिस्त्रीचा आग्रह होता. आम्ही तो मानला नाही. झाळताना जस्त जळून जाते आणि पहिला गंज तेथेच धरतो. शिवाय जस्ताचा धूर छातीत गेला की झाळणाऱ्याला रात्री थंडीताप भरतो. भोके पाडून बोल्ट घालावेत, तर चौकट नेमकी तेथे दुबळी होते. यू-बोल्टांनी बाहेरून आवळणे हाच मार्ग, आणि त्यात गरजेप्रमाणे बोटभर इकडे-तिकडे सरकवण्याची सोयही राहते. पुरवठादाराने पाठवलेले यू-बोल्ट मात्र गोल निघाले. आमची चौकट चौकोनी नळीची. गोल बोल्ट चौकोनी नळीला कोपऱ्यांवरच टेकतो आणि पहिल्या खड्ड्यात सैल होतो. पत्रव्यवहाराला तीन आठवडे लागले असते. आभाळ तितके थांबण्याच्या तयारीत दिसत नव्हते. गावातल्या लोहाराने जाड सळईचे चौकोनी यू-बोल्ट एका संध्याकाळी करून दिले आणि त्यांना जस्ताच्या रंगाचे दोन हात दिले. नायलॉनच्या कड्याचे नट लावले, म्हणजे हादऱ्याने ते फिरत नाहीत. नळीच्या तळाशी एक भोक ठेवले. वरून टोपी असली तरी ट्रेलर बुडाला की पाणी खालून शिरणारच, आणि ते बाहेर पडले नाही तर खांब आतून सडतो.

दिव्यांची कल्पना चालकाची. ट्रेलरचे मागचे दिवे चाकांजवळ असतात. ते दर खेपेला पाण्यात बुडत, आणि तापलेल्या दिव्याला थंड पाणी लागले की काच तडकते. म्हणून पाण्यात जाण्यापूर्वी तारेचा जोड काढावा, असा नियम होता. घाईच्या वेळी नियम कोणाला आठवतो? दोन बंदिस्त एल.ई.डी. दिवे खांबांच्या डोक्यावर बसवले, तारा नळीतून खाली आणल्या, आणि काळ्या बाहीवर उजेड परतवणाऱ्या पट्टीचे दोन पांढरे वेढे दिले. रात्री चाचणीसाठी ते पेटवले तेव्हा आमच्या शेजारी राहणारे एक सोलापूरकर गृहस्थ व्हरांड्यातून म्हणाले, “काय हो, देऊळ कुठं आहे? दीपमाळा तर बसवल्यात!” परप्रांतात इतकी अस्सल उपमा फुकट मिळणे हे भाग्यच, पथकात त्या खांबांना तेच नाव पडले. हिंदीभाषक जवान ‘दीपमाल’ म्हणू लागले.

पहिली चाचणी रेतीच्या मोटारी नदीत उतरतात त्या उतारावर झाली. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. ट्रेलर फार खोल लोटला, तर होडी फळ्यांवर टेकतच नाही. खांबांमधून आत येते खरी, पण तरंगत राहते, आणि ट्रेलर वर ओढताना वाटेल तशी बसते. थोडा उथळ ठेवला, तर ती अर्ध्यावर अडते आणि यंत्राचा जोर लावावा लागतो. नेमकी खोली सापडली ती चाकांवरच्या पत्र्याचा माथा जेमतेम ओला होण्याइतकी. गढूळ पाण्यात हा पत्रा दिसायचा कसा? नावाड्याने लाल रंगाचा डबा मागवला, त्या खोलीला पाणी जेथे खांबाला लागत होते तेथे एक कडे ओढले आणि म्हणाला, “यह हमारा सेठानी घाट।” पाणी कड्याला लागले की चालकाने थांबायचे. ना हाक, ना शिटी.

ओढ असलेल्या पाण्यात होडी खांबांच्या मध्यावर रोखून आणू नये, हेही त्यानेच दाखवले. मध्यावर रोखली तर पोहोचेपर्यंत ती खाली गेलेली असते. वरच्या खांबाकडे नाळ ठेवून यावे. ओढ तिला आपोआप खालच्या खांबावर हळूच टेकवते. मग त्या खांबाच्या आधाराने ती सरळ होते आणि आत शिरते. खालचा खांब तेवढ्यापुरता लवतो व पुन्हा उभा राहतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ही उजळणी रोज झाली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाणी आले. धोक्याच्या खुणेच्या फार वर गेले नाही, पण नाले उलटले आणि दोन वस्त्या तुटल्या. होडी एकच होती, आणि दोन वस्त्यांमध्ये सडकेने ११ किलोमीटरांचे अंतर. पहिल्या वस्तीतून माणसे काढून होईतो दुपारचे चार वाजले. पूर्वीच्या रीतीने होडी ट्रेलरवर घ्यायला अर्धा-पाऊण तास जाई आणि दोन माणसे पाण्यात अडकून पडत. ती सडक बुडाली होती तेथे पाणी उजवीकडून डावीकडे ओढत होते. चालकाने आरशात दोन पांढरे वेढे धरून ट्रेलर मागे घेतला. लाल कडे ओले झाले, तो थांबला. नावाड्याने नाळ उजव्या खांबाकडे ठेवली. होडी डाव्या खांबावर आली, खांब लवला, होडी सरळ झाली आणि आत बसली. गेल्या पावसाळ्यात हाड मोडलेला जवान विंचचा आकडा हातात घेऊन कोरड्या सडकेवर उभा होता. त्याचे बूटदेखील भिजले नाहीत. सात मिनिटांत ट्रेलर रस्त्याला लागला. दुसऱ्या वस्तीत एक बाई अगदी दिवस भरलेली होती. अंधार पडण्यापूर्वी तिला पहिल्याच खेपेत बाहेर आणता आले. शेवटची खेप येईतो काळोख झाला होता, आणि होडीतून पाण्यावर दिसत होते ते फक्त दोन लाल दिवे.

पाणी ओसरल्यावर ट्रेलर धुऊन तपासला. यू-बोल्टांच्या नटांना पाना लावून पाहिला. दोन नट अर्धा फेरा फिरले, बाकीचे जागच्या जागी होते. तळाच्या भोकांतून मूठभर रेती निघाली. उजव्या खांबाची बाही कोरी होती; डाव्या खांबाची मात्र वेढ्यांच्या खाली चारी अंगांनी घासून पांढुरकी झालेली. ती उतरवून उरलेल्या काळ्या नळीतून सव्वा मीटरचा तुकडा कापून चढवला, आणि साठ्याच्या नोंदवहीत ‘दीपमाळेची बाही : १, बदलली’ असे कारकुनाने लिहिले. तो शब्द खोडून ‘मार्गदर्शक खांब’ असे लिहावे काय, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, राहू द्या.